दोर्तेचं एकमत

दोर्ते नोर्हावेचं आयुष्यात कुणाशी भांडण झालं नव्हतं, आणि साठी उलटेपर्यंत तिला त्याचा अभिमान होता. डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरच्या स्कार्रेबी गावात असा अभिमान बाळगायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण तिथं कुणीच भांडत नाही. एखादी गोष्ट अगदीच सहन होईनाशी झाली तर माणसं म्हणतात, "हं, हे जरा वेगळंच आहे," आणि समोरच्याच्या कपात कॉफी ओततात. परका माणूस हे कौतुक समजून खूश होतो. गावातला माणूस दुसऱ्या दिवशी आपलं कुंपण दुरुस्त करून घेतो.

तिचं बालपण तिथून जवळच, थी भागातल्या एका डुक्करपालनाच्या शेतावर गेलं. झाडंसुद्धा एकाच दिशेला झुकून वाढावीत असं तिथलं वारं. घरात पाच भावंडं. वडील कधी कुणावर ओरडले नाहीत. जेवणाच्या टेबलावर ते प्रत्येकाला त्याचं मत विचारत, आणि ते त्यांच्या मताशी जुळलं नाही तर थांबत. नुसते थांबत. बटाट्यांची वाफ जाई, रश्श्यावर साय धरे, धाकटा भाऊ खुर्चीवर चुळबुळ करी. शेवटी ज्याचं मत वेगळं असे त्याला स्वतःलाच ते वेगळं का होतं हे आठवेनासं होई. मग वडील म्हणत, "बघा, बोलून सगळं सुटतं," आणि जेवण सुरू होई. आपण लोकशाहीत वाढलो असं दोर्ते पुढे सगळ्यांना सांगत असे. सांगताना तिला त्यात काही खोटं वाटत नसे.

ती शिक्षिका झाली, कार्स्टेन नावाच्या दूधडेअरीतल्या शांत माणसाशी तिनं लग्न केलं आणि स्कार्रेबीच्या शाळेत डॅनिश शिकवू लागली. तिथं वर्गशिक्षिका पहिलीत मुलं हातात घेते आणि नववीनंतर सोडते. म्हणजे मुलाचे दुधाचे दात पडताना जी बाई समोर असते, तीच त्याला मिसरूड फुटतानाही समोर असते. राजघराणं वगळता तिथं सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात, तशी मुलंही तिला 'दोर्ते' आणि 'तू' म्हणत. आणि खरोखर त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची गोष्ट प्रेम नसतं तर घडलीच नसती.

आठवड्यातून एकदा 'वर्गाचा तास' असे. पाळीपाळीनं एकेका मुलानं घरून केक करून आणायचा आणि केक खात वर्गाच्या सुखदुःखाचं बोलायचं, हा रिवाज देशभर आहे. दोर्तेनं त्यात स्वतःची एक भर घातली होती. तिच्या वर्गात बहुमत चालत नसे. सगळे हात वर झाल्याशिवाय ठराव झाला असं धरायचं नाही. "एकही जण मागे राहता कामा नये," ती म्हणे. पहिलीतली मुलं हे ऐकून भारावून जात. नववीपर्यंत त्यांना हात लवकर वर करायची सवय लागलेली असे, कारण केक त्यानंतर कापला जाई.

स्वतःचा वर्ग असो वा दुसऱ्याचा, नववीचं डॅनिश दरवर्षी तिच्याकडेच असे, आणि ती दरवर्षी एकच कादंबरी लावी. 'उंच हात' तिचं नाव. भविष्यकाळातलं, समुद्राला बांध घालून वसवलेलं एक शहर. तिथं पोलीस नाहीत, तुरुंग नाहीत, सगळं एकमतानं चालतं. संध्याकाळी चौकात सगळे जमतात, प्रस्ताव वाचला जातो, हात वर होतात. एखाद्याचा झाला नाही तर त्याला कुणी दुखवत नाही, सगळे तिथंच उभे राहून त्याची वाट बघतात. त्याला थंडी वाजू नये म्हणून शेजारची म्हातारी सूप आणून देते. युना नावाची पंधरा वर्षांची मुलगी पहिल्या प्रकरणात सगळ्यांच्या आधी हात वर करते. शेवटच्या प्रकरणात तिचा हात कोटाच्या खिशात असतो, अख्खं शहर बर्फात उभं असतं, आणि पुस्तक तिथंच संपतं.

दोर्तेचं हे फार आवडतं पुस्तक. ती फळ्यावर 'घर – बाहेर – घर' असं लिही. नायक घरातून निघतो, बाहेर ठेचा खातो, शहाणा होऊन घरी परततो. ही चौकट तिथल्या कुठल्याही शाळकरी मुलाला झोपेतून उठवून विचारली तरी म्हणून दाखवेल. शेवटी बर्फात उभी असलेली युना घरी कुठं परतते, असं एखादं मूल दरवर्षी विचारी. दोर्ते छातीवर हात ठेवून म्हणे, "इथं. ती स्वतःच्या घरी येते." दोन-तीन मुली वहीत लिहून घेत. स्वतः दोर्तेलाही दरवर्षी थोडं भरून येई.

विगा तिच्या शेवटून दुसऱ्या तुकडीत होती. आई साने केशकर्तनालय चालवायची. साने स्वतः दोर्तेच्या पहिल्यावहिल्या वर्गातली, त्यामुळे तिच्या लेखी दोर्तेचा शब्द हा डॉक्टरच्या शब्दाच्या थोडा वरच होता. विगा अबोल नव्हती, उद्धट नव्हती, हुशारही डोळ्यांत भरेल इतकी नव्हती. गणितात ती गटांगळ्या खात होती. मात्र वाचलेलं ती खरं मानायची. ही सवय तशी कुठल्याही शिक्षकाला आवडावी अशीच आहे.

वसंतात वर्गाच्या तासाला शेवटच्या शाळादिवसाचा विषय निघाला. त्या दिवशी नववीची मुलं सोंगं घेऊन येतात, धाकट्या वर्गांवर चॉकलेटं उधळतात. सर्कस करायचं ठरत होतं. हात वर झाले, एक सोडून.

"विगा, तुला सर्कस नको का?" दोर्तेनं विचारलं.

"सर्कस चालेल."

"मग हात?"

"हात नको."

"म्हणजे तू येणारच नाहीस?" माग्नुस म्हणाला. त्याच्या आईनं त्या दिवशी सफरचंदाचा केक केला होता आणि तो त्याच्याच समोर होता.

"येणार की. विदूषक होऊन येणार. लाल नाक आणलंय मी."

"मग कर ना वर."

"नाक आणलं म्हटलं ना. आता हात पण पाहिजे?"

वर्ग हसला. दोर्तेही हसली आणि म्हणाली, "ठीक आहे. आपण थांबू." केक कापला गेला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सर्कस, पुन्हा सगळे हात, पुन्हा एक हात टेबलावर. विगानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिचा विरोध नव्हता, सगळ्यांनी खुशाल सर्कस करावी, फक्त तिच्या हातावाचून करावी. "ते चालत नाही," मुलं म्हणाली. का चालत नाही ते कुणालाच सांगता येईना, पण नऊ वर्षं ते चाललं नव्हतं. त्यानंतरच्या आठवड्यात कुणीतरी दुकानातला केक आणला. वर्गाची घडी विस्कटत चालल्याची ती ठळक खूण होती.

तास संपल्यावर दोर्तेनं विगाला थांबवून घेतलं. काळजीच्या वेळी काढायचा असा तिचा एक आवाज होता, तो तिनं काढला.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो."

"झोप लागते?"

"लागते."

"कुणाशी तरी बोलावंसं वाटतं का तुला?"

"बोलतेय ना. तुझ्याशी." विगानं दप्तर खांद्यावर सरकवलं. "दोर्ते, युनानं हात खाली ठेवला तेव्हा तू म्हणालीस ती मोठी झाली. मी ठेवला तर झोप लागते का विचारतेस."

"पुस्तकातली गोष्ट वेगळी आहे, विगा. तिथं जुलूम आहे."

"कुठं जुलूम आहे? तिथं तर सूप देतात."

तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत असे प्रसंग येतात, आणि अशा वेळी शिक्षकांना पालक आठवतात. तिनं सानेला फोन केला. तक्रार अशी काही केली नाही. काळजी वाटते म्हणाली. विगा हल्ली जरा वेगळी वागते म्हणाली. बस, एवढंच. फोन ठेवल्यावर साने किती घाबरली असेल हे तिला कळत होतं, कारण सानेला तिनंच वाढवलं होतं.

पुढच्या वर्गाच्या तासाला विगाचा हात वर झाला. बाकीच्यांच्या नंतर, कोपरापासून, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माग्नुसनं तिच्या पाठीवर थाप मारली. दोर्तेनंही टाळ्या वाजवल्या, आणि वाजवता वाजवता तिची नजर विगाकडे गेली. विगा केककडे बघत नव्हती, सर्कशीची चर्चा ऐकत नव्हती, दोर्तेच्या टाळी वाजवणाऱ्या हातांकडे बघत होती. त्या संध्याकाळी कार्स्टेननं दिवस कसा गेला विचारलं तेव्हा दोर्ते म्हणाली, "चांगला गेला. सुटलं सगळं." मग ती बराच वेळ सिंकपाशी उभी राहून एकच भांडं घासत राहिली. कार्स्टेननं शेवटी ते तिच्या हातातून घेऊन पुसलं आणि कपाटात ठेवलं.

जूनमध्ये तोंडी परीक्षा आली. वर्गाचं दार बंद, मध्ये टेबल, टेबलावर हिरवं कापड. एका बाजूला स्वतःची शिक्षिका, तिच्या शेजारी दुसऱ्या शाळेतून आलेला परीक्षक, समोर सोळा वर्षांचा जीव. चिठ्ठी उचलायची, तयारीला थोडा वेळ घ्यायचा आणि बोलायचं. मग मुलानं बाहेर जाऊन उभं राहायचं, आत दोघांनी गुण ठरवायचे आणि पुन्हा बोलावून सांगायचे. बाहेर घरची माणसं कागदी झेंडे आणि सोड्याच्या बाटल्या घेऊन उभी असतात. मुलाचा चेहरा बघून झेंडा हलवायचा की नाही ते ठरवतात.

विगाचं सगळं त्या परीक्षेवर टांगलेलं होतं. वीबोर्गच्या ज्युनिअर कॉलेजात जायचं तिनं मनात धरलं होतं. गणितानं बुडवल्यावर डॅनिशनं तिला वर काढायला हवं होतं. बारापैकी सात मिळाले तर वीबोर्ग. खाली गेले तर स्कार्रेबीतच आणखी एक वर्ष, नववीनंतर थेट कॉलेजात जाता न आलेल्यांसाठीच्या दहावीच्या वर्गात. हे दोर्तेला ठाऊक होतं. सानेनं तिला केस कापता कापता दोनदा सांगितलं होतं.

विगानं चिठ्ठी उचलली. 'उंच हात' मधली तरुण नायिका कशी बदलते? सगळ्यात सोपा प्रश्न. दोर्तेच्या खांद्यांवरचा ताण उतरला. घर, बाहेर, घर, छातीवर हात. पोरीनं एवढं म्हटलं तरी सात कुठं गेले नव्हते.

"ती बदलत नाही," विगा म्हणाली.

परीक्षक आयविन होता. नाकावर चष्मा, अंगावर स्वेटर, स्वभाव इतका मवाळ की खुर्ची ओढताना तो खुर्चीची माफी मागे. त्यानं मान थोडी कलती केली. "बदलत नाही?"

"नाही. पहिल्या प्रकरणात ती सगळ्यांच्या आधी हात वर करते, बरोबर? पण का ते तिथंच लिहिलंय. तिला घरी जायचं असतं. भूक लागलेली असते. तिला कधीच काही पटलेलं नसतं, तिला फक्त लवकर सुटायचं असतं. शेवटी पण तिला घरीच जायचंय. फरक इतकाच की आता हात वर करून घरी जाता येत नाही, हे तिला कळलंय." विगा थांबली, पाणी प्यायली. "बदलते ती सूपवाली."

"शेजारची म्हातारी?"

"हो. पहिल्यांदा ती सूप आणते तेव्हा ते गरम असतं आणि ती युनाशी बोलते. नंतर बोलत नाही, नुसतं सूप ठेवते. मग एके दिवशी सूप गार असतं. आणि ती तेव्हाही हसत असते. प्रत्येक वेळी लेखकानं लिहिलंय की ती हसत होती. युना तीच आहे. म्हातारीचं प्रेम हात वर होण्यावर होतं, युनावर नव्हतं. आपल्याला वाटतं युना बदलली, कारण आता आपण तिच्याकडे त्या म्हातारीच्या जागेवरून बघायला लागलोय."

दोर्तेनं हे पुस्तक किती वेळा शिकवलं होतं याचा हिशेब तिच्याकडे नव्हता. सूप गार होतं हे तिच्या लक्षात आलेलं नव्हतं.

"आणि घर–बाहेर–घर?" आयविननं विचारलं. त्याला मुलीला हात द्यायचा होता.

"ते इथं बसत नाही," विगा म्हणाली. "ज्या घरात हात वर केल्याशिवाय जेवायला मिळत नाही, ते पहिलं घर तरी कशावरून?"

ती कुणाकडे रोखून बघत नव्हती. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं असं दोर्तेला पुढे कित्येकदा वाटलं. टोमण्याला गुण कमी करता येतात.

विगा बाहेर गेली. दार लागलं. आयविननं थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतली.

"छान मुलगी आहे," तो म्हणाला. "जरा वेगळी आहे."

"हं," दोर्ते म्हणाली.

"पण बघ ना, प्रश्न होता कशी बदलते. ती म्हणते बदलतच नाही. म्हणजे प्रश्नाचं उत्तर आलं नाही असंच ना ते? चौकट वापरली नाही. जी आहे ती मोडीत काढली." त्यानं कप खाली ठेवला. "मी चारपाशी होतो. पण तू ओळखतेस तिला. तुला काय वाटतं?"

दोर्तेला वाटत होतं बारा. बारा म्हणजे सगळ्यात वरचे. आपण इतकी वर्षं शिकवलेल्या पुस्तकाबद्दल आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी आत्ता ऐकायला मिळालं, याला दुसरा कुठलाच आकडा नव्हता. तोंड उघडून एवढं म्हणायचं होतं. आयविन ऐकणारा होता, कदाचित त्यानं ऐकलंही असतं. आणि नसतं ऐकलं तरी नियम होता. दोघांचं जमलं नाही तर दोन्ही आकड्यांमधला काढायचा. त्याचे चार, तिचे बारा. मधला आठ हा आकडा त्या मापात नाही, म्हणून जवळचे सात सहज आले असते.

पण दोर्तेनं आजवर कुठल्याच परीक्षकाशी मतभेद नोंदवला नव्हता. तो नियम वापरला जाताना तिनं पाहिलाही नव्हता. गावातल्या अग्निशमन बंबासारखा तो होता. आहे हे माहीत असलं की पुरे. शिवाय आपल्याच विद्यार्थिनीसाठी हट्ट धरला तर कसं दिसेल? आयविनची घरी जायची फेरीबोट सुटायची होती. बाहेर पुढचा मुलगा चिठ्ठी उचलायला उभा होता. अशी कारणं हवी तितकी होती आणि सगळी खरी होती. त्यांच्या तळाशी आणखी एक होतं, त्याच्याकडे ती त्या क्षणी बघत नव्हती. ती सूपवाली तिला झोंबली होती.

"सात होऊ शकले असते," ती म्हणाली.

'असते' हा शब्द तिनं स्वतःच घातला. आयविननं तो ऐकला आणि त्याचा चेहरा सैलावला. "होऊ शकले असते," त्यानं मान डोलावली. "चौकट वापरली असती तर. मग चार?"

"चार," दोर्ते म्हणाली.

"बघ, आपलं जमतंच," आयविन म्हणाला आणि कॉफी संपवली.

गुण शिक्षिकेनं सांगायचे आणि कारणही शिक्षिकेनंच द्यायचं, असा प्रघात आहे. विगाला आत बोलावलं. दोर्तेनं चार म्हटलं आणि का ते समजावून सांगितलं. तिचा आवाज उबदार होता. वाक्यं एकामागून एक, न अडखळता, गुळगुळीत बाहेर पडत होती. मुद्दा धाडसी आहे, पण प्रश्नाला धरून नाही. पुस्तकातले दाखले चांगले, पण शिकलेलं वापरायला हवं होतं. हे सगळं आपण मानतच नाही याची जाणीव तिला बोलताना होती, आणि आपण ते किती चांगलं बोलतोय याचीही होती. दुसरी जाणीव पहिलीपेक्षा वाईट होती.

विगानं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "तुला पण तसंच वाटलं?"

दाराआड काय झालं ते बाहेर सांगायचं नाही, असाही नियम आहे. "ते मला सांगता येत नाही" असं म्हणायची दोर्तेला पूर्ण मुभा होती.

"आमचं एकमत होतं," ती म्हणाली.

"हं," विगा म्हणाली आणि बाहेर गेली. दार उघडताना पलीकडे सानेच्या हातातला झेंडा अर्धा वर गेलेला दिसला. मुलीचा चेहरा बघून तो तिथंच थांबला.

त्यानंतर आठवड्यानं सानेनं दुकानात चीजच्या फडताळापाशी दोर्तेला गाठलं. "दोर्ते, मला कळत नाही गं यातलं. विगा म्हणते काही उपयोग नाही. पण तक्रार करता येते म्हणे. करू का? तुला काय वाटतं? तू सांगशील तसं."

साने तिथं परडी घेऊन उभी होती, आणि दोर्तेला ती सात वर्षांची दिसत होती, समोरचे दोन दात पडलेली. तक्रार झाली तर परीक्षक आणि शिक्षिका दोघांचं म्हणणं मागवतात. तिथं दोर्तेला खरं बोलावं लागलं असतं, किंवा आणखी एकदा खोटं.

"मनस्तापच होईल गं उगाच," ती म्हणाली. "आणि दहावीचं वर्ष काही वाया जात नाही. कित्येकांना ते मानवतं."

"तू म्हणतेस तर," साने म्हणाली. तिला हायसं वाटलेलं दिसत होतं. जाताना तिनं दोर्तेच्या दंडाला हलकेच हात लावला, आभार मानल्यासारखा. चीज घ्यायचं तसंच राहिलं, ते दोर्तेला घरी जाऊन कळलं.

सुट्ट्या लागल्या. कार्स्टेननं होडी रंगवायला काढली. दोर्ते पुढच्या वर्षाची तयारी करायला बसे, 'उंच हात' उघडे आणि सूपवाली जिथं जिथं येते ती पानं वाचे. सगळं विगानं सांगितलं होतं तसंच होतं. एका जागी तर म्हातारी कुणाला तरी सांगते की मला त्या पोरीची काळजी वाटते. हे वाक्य दोर्तेनं पूर्वी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, माणुसकीचं उदाहरण म्हणून.

"तुला काय झालंय?" कार्स्टेननं एकदा विचारलं.

"एका मुलीला कमी गुण दिले."

"मग वाढव."

"असं वाढवता येत नाही."

"मग सांग तिला चुकले म्हणून." त्यानं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. डेअरीत चूक झाली की दूध ओतून देतात आणि पुन्हा सुरुवात करतात. त्याचं सगळं शहाणपण तिथलं होतं, आणि दोर्तेला ते नेहमी थोडं ढोबळ वाटत आलं होतं.

विगा सुट्टीत बेकरीत काम करत होती. रविवारी सकाळी अर्धं स्कार्रेबी तिथं ताजे पाव घ्यायला येतं. दाराशी यंत्रातून नंबराचा कागद फाडायचा आणि पुकारा होईपर्यंत उभं राहायचं. दोर्ते एका रविवारी गेली. विगानं तिचा नंबर पुकारला, पाव दिले, "रविवार छान जावो" म्हणाली. दोर्ते पाव घेऊन परत आली. पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. सायकलवरून जाताना तिनं काय म्हणायचं ते जुळवून ठेवलं होतं, चार-पाच वाक्यं. परीक्षेत सांगितली होती तशीच ती गुळगुळीत झाली होती. तिच्या ते लक्षात आलं, पण दुसरी सुचली नाहीत.

"खसखशीचे चार," ती म्हणाली. विगा चिमट्यानं पाव उचलू लागली.

"विगा, मला हे सांगायची परवानगी नाही. पण त्या दिवशी मी तुला बारा देणार होते."

चिमटा पावावर थांबला. "देणार होतीस."

"हो. तू म्हणालीस ते बरोबर होतं. सूपवालीचं. ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं."

"आणि मग चार दिलेस."

"आयविनचं म्हणणं होतं की, आणि मग आम्ही दोघांनी..."

"एकमतानं. सांगितलं होतंस तू." विगानं पाव पिशवीत टाकला, मग दुसरा. "तक्रारीला किती मुदत असते, माहीत आहे ना तुला?"

"दोन आठवडे."

"परवा संपली." तिनं पिशवीचं तोंड दुमडलं. तिचा आवाज चढला नव्हता, गिऱ्हाइकाला कुठले पाव हवेत ते विचारावं तसाच होता. "तू गेल्या रविवारीही आली होतीस. तेव्हा नुसते पाव नेलेस. आईनं विचारलं तेव्हा नको म्हणालीस. म्हणजे मुदत संपायची वाट बघत होतीस?"

दोर्तेकडे उत्तरं होती. मुदत तिच्या लक्षातच नव्हती. गेल्या रविवारी दुकानात फार गर्दी होती. धीर होत नव्हता. सानेला त्रास होऊ नये म्हणून. प्रत्येकात थोडं थोडं खरं होतं, आणि तेवढ्या खरेपणावर ती आयुष्यभर निभावत आली होती. मागे रांगेत माग्नुसचे वडील उभे होते, त्यांच्यामागे चर्चचा ऑर्गनवादक, आणि ते दोघे छताकडे बघत होते. ऐकू येत असताना तिथली माणसं असंच बघतात.

"हो," दोर्ते म्हणाली.

विगानं तिच्याकडे पाहिलं. परीक्षेनंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या पाहण्यात क्षमा नव्हती, आणि दोर्तेला जी हवीशी वाटत होती ती शिक्षाही नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "आता सांगितलंस. मी काय करू याचं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही माहीत." तिनं पिशवी काउंटरवरून पुढे सरकवली. "मी ऑगस्टपासून दहावीत आहे. खालच्या मजल्यावर. तू रोज दिसणार आहेस मला."

"हो."

"अजून काही देऊ?"

"नाही."

विगानं पुढचा नंबर पुकारला. माग्नुसचे वडील पुढे आले आणि आपला कागद हातात धरून उभे राहिले. दोर्ते अजून काउंटरसमोरच होती, आणि तिला बाजूला व्हायला थोडा वेळ लागला.